सावकाराची वही आणि आपली पेटी

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेले हे बोलणे. लिहून घेताना बोलण्यातले शब्द फारसे बदललेले नाहीत. पाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवता यावे म्हणून अंकात घेत आहोत.)



काल दिवसभर आपण जमिनीवर बोललो. दावे कसे लिहायचे, दंडाच्या पावत्या कशा जपायच्या, पंचनाम्याला कोण कोण हजर पाहिजे, हे सगळे झाले. आज मला पैशावर बोलायचे आहे. रात्री जेवताना एक-दोघे म्हणाले, हा विषय कशाला? आपली संघटना जमिनीची. पतपेढी, बचत गट हे सरकारचे आणि संस्थावाल्यांचे काम. आपण त्यात शिरलो तर मोर्चाला माणूस उरणार नाही.

ही शंका खोटी नाही. तिला उत्तर द्यायला पाहिजे. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारतो. आपली जमीन गेली ती कोणत्या दाराने गेली?

काही जमीन बंदुकीने गेली. काही फॉरेस्टच्या रेघेने गेली. पण ठाणे जिल्ह्यात पाड्यापाड्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते सांगतील, आज्याने आषाढात भात आणले, दिवाळीला फिटले नाही, पुढच्या वर्षी दुप्पट झाले, मग कागदावर अंगठा. म्हणजे जमीन कर्जाच्या दाराने गेली. शंभरातल्या किती गेल्या ते मी सांगत नाही, तुम्हीच आपापल्या पाड्यावर मोजा.

माणूससुद्धा याच दाराने गेला. लग्नाला पैसे घेतले आणि नवरा-बायको दोघे सावकाराच्या घरी राबायला गेले. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीकडे झरी गावात वारली जमले आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरीबाई परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होती. तो लढा आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. वेठ मोडली ती लोकांच्या एकीने. पण आषाढातली भूक मोडली का? ती राहिली. म्हणून सावकार राहिला.

आता कायदे बघू. कायदे कमी नाहीत. सावकाराचा कायदा १९४६ ला आला. परवाना पाहिजे, हिशोब ठेवला पाहिजे, पावती दिली पाहिजे. १९७५ ला कर्जमुक्तीचा कायदा आला, गरिबांची जुनी कर्जे रद्द झाली. १९७६ ला वेठबिगारी बंद करण्याचा कायदा आला. त्याच सुमारास आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी त्यात येतात. हे सगळे लोकांनी लढून मिळवले. मी त्याला कमी लेखत नाही.

पण नीट बघा. कर्जमुक्तीचा कायदा जुने कर्ज पुसतो. पुढच्या आषाढात घरात दाणा नसेल तर काय करायचे, हे तो सांगत नाही. सावकाराने एवढेच केले, हात आखडून घेतला. म्हणाला, कायद्याकडे जा, तोच देईल भात. मग माणूस रात्री मागच्या दाराने गेला आणि जास्त व्याजाने घेऊन आला. हे सरकारच्याही ध्यानात आले. म्हणूनच पुढे खावटी कर्जाची योजना काढावी लागली.

जमीन परत मिळाल्यावर काय होते तेही बघा. कायदा म्हणतो, जमीन स्वतः कसली पाहिजे आणि ठरलेली किंमत हप्त्याने भरली पाहिजे. कसायला बैल पाहिजे, बियाणे पाहिजे, हप्त्याला रोकड पाहिजे. बैल नसेल तर कोणाचा आणणार? ज्याच्याकडून जमीन सोडवली त्याचाच. मग अर्धे पीक त्याला. सातबारा आपल्या नावाचा आणि खळे त्याच्या अंगणात. कोर्टात जिंकलेली जमीन आपण अशी बांधावर हरतो.

आणि ज्यांचे प्लॉट फॉरेस्टमध्ये आहेत, त्यांतल्या अनेकांना सातबाराच नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही. सावकार मात्र सातबारा विचारत नाही. तो माणूस ओळखतो, त्याची बायको-पोरे ओळखतो, आणि त्याला ठाऊक असते की हा पळून कुठे जाणार नाही. ज्या गोष्टीवर बँकेचा विश्वास नाही, त्याच गोष्टीवर सावकार धंदा करतो. ती गोष्ट म्हणजे आपला शब्द. आपल्या शब्दाची किंमत सावकाराला कळली, आपल्याला अजून कळली नाही.

आता हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतो, तुम्ही आपल्या पाड्याचे घाला.

आषाढात एक मण भात आणले. दिढीने म्हणजे पीक आल्यावर दीड मण. पाच महिन्यांत शंभराला पन्नास. महिन्याला शेकडा दहा. हे उघड व्याज झाले. लपलेले व्याज वेगळेच आहे. समजा शंभर रुपये रोख आणले आणि दीडशेचे भात द्यायचे ठरले. पीक येते तेव्हा सगळेच विकतात, भाव पडलेला असतो. सावकार अडीच रुपये किलो धरतो. दीडशे रुपयांचे साठ किलो झाले. तेच साठ किलो तो पुढच्या आषाढात पाच रुपयांनी विकतो. तीनशे रुपये. म्हणजे शंभर देऊन त्याने तीनशे केले, आणि ते विकत घ्यायला पुन्हा आपणच गेलो.

तेच शंभर रुपये पाड्याच्या पेटीतून घेतले असते तर? महिन्याला शेकडा दोन धरा. पाच महिन्यांचे दहा रुपये. एकशेदहा परत. आणि ते दहा रुपये पाड्याच्याच पेटीत पडले.

कोणी म्हणेल, उपाशी माणसाला बचत करा म्हणून सांगणे ही थट्टा आहे. मलाही असे सांगणाऱ्यांचा राग येतो. जे म्हणतात की आदिवासी उधळ्या आहे, दारू पितो, बचत करत नाही म्हणून गरीब आहे, ते खोटे बोलतात. पण वरचा हिशोब पुन्हा बघा. उपाशी माणूस दर वर्षी पैसे भरतोच आहे. तो बचत करतो, पण ती सावकाराच्या कोठीत जाते. पेटी म्हणजे त्यातली थोडी इकडे वळवायची, एवढेच.

ही कल्पना नवी नाही, आणि बँकेच्या साहेबाची तर नाहीच. जर्मनी देशात १८४६-४७ च्या हिवाळ्यात मोठा दुष्काळ पडला. रायफायझेन नावाचा माणूस तिथे एका खेड्याचा कारभारी होता. त्याने आधी गावातल्या सुखवस्तू लोकांकडून पैसे गोळा करून गरिबांना भाकरीसाठी पीठ उधार दिले, मग जनावरांसाठी कर्ज दिले. दहा-पंधरा वर्षे हे केल्यावर त्याला कळले की श्रीमंतांच्या दयेवर संस्था टिकत नाही. दया आटते. म्हणून १८६४ ला हेडेसडोर्फ गावी त्याने वेगळ्या रीतीची पतसंस्था काढली. कर्ज घेणारे तेच सभासद, सभासद तेच मालक. एका गावापुरती संस्था, एकमेकांना ओळखणारी माणसे. कारभाऱ्यांना पगार नाही. कर्ज सभासदालाच, आणि कशासाठी घेतो ते सांगून. पुढे १९०० साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात देजार्दां नावाच्या माणसाने लेव्ही गावी अशीच पेढी काढली. मजूर, कारागीर लहान लहान हप्त्यांनी पैसे भरत. तिकडे त्याला क्रेडिट युनियन म्हणतात. युनियन म्हणजे एकजूट. मजुरीची युनियन असते तशी ही पतीची युनियन.

आपल्याकडे हे कसे आले? १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी सावकारांची रोखे-खतपत्रे काढून जाळली. नगर जिल्ह्यातही हे लोण गेले. सरकार हादरले. १८७९ ला शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. खेड्यातल्या सोसायटीसाठी रायफायझेनचाच नमुना घेतला. म्हणजे सोसायटी आली त्याच्या मागे शेतकऱ्यांनी पेटवलेली ती कागदांची होळी आहे. हे विसरायचे नाही.

पण कायदा वरून आला, माणसे खालून आली नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ला रिझर्व्ह बँकेने देशभर पाहणी केली. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपये कर्जातले सोसायट्यांचे जेमतेम तीन रुपये निघाले आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास. जवळजवळ पन्नास वर्षे कायदा होता, तरी तीन रुपये. का? कारण बऱ्याच ठिकाणी सोसायटीत बसला तोच, ज्याच्यापासून सुटायचे होते. चेअरमन जमीनदार, सेक्रेटरी त्याचा माणूस, सभासदाचा फक्त अंगठा. आदिवासी भागात तर चेअरमन आदिवासी आणि वही दुसऱ्याच्या हातात, हेही आपण पाहतो. म्हणून मी म्हणतो, पेटी कोणाची हे विचारू नका. वही कोणाच्या हातात हे विचारा.

आता आपण काय करायचे ते सांगतो.

पहिले, पाडा एवढीच संस्था. वीस घरे असली तरी पुरे. पूर्ण गाव घेतले की गावातला दुकानदार येतो, मुकादम येतो. जो व्याजाचा धंदा करतो, मजुरांची उचल वाटतो, दारू विकतो, तो सभासद नाही. तो आदिवासी असला तरी नाही.

दुसरे, आधी धान्य, मग पैसा. वीस घरांनी महिन्याला दहा-दहा रुपये टाकले तर दोनशे होतात. कार्तिकापासून जेठापर्यंत आठ महिने, सोळाशे रुपये. आषाढात घरटी ऐंशी रुपये. त्याने पावसाळा निघत नाही, हे खरे सांगितले पाहिजे. पण खळ्यावर घरटी वीस किलो भात किंवा नागली काढली तर चारशे किलो होते. ते कोठीत ठेवायचे. विकायचे नाही, म्हणून पडलेल्या भावाचा फटका बसत नाही. आषाढ-श्रावणात ज्याला लागेल त्याने न्यायचे, दहा किलोला अकरा किलो परत करायचे. पुढच्या वर्षी चारशेचे चारशे चाळीस, आणि नवे चारशे त्यावर. दोन पावसाळ्यांत कोठीत आठशेवर धान्य. १९९२ च्या पावसाळ्यात जव्हारमध्ये वावर-वांगणीला आपली लेकरे गेली. तेव्हा पेपरवाले आले, मंत्री आले. ते येण्याआधीचे जे दोन महिने असतात ना, त्या दोन महिन्यांसाठी ही कोठी. सरकारची जबाबदारी यातून सुटत नाही. रेशन, दवाखाना, रोजगार हमीचे काम यासाठी मोर्चा काढायचाच. पण मोर्चा निघेपर्यंत लेकराच्या ताटात काय, हे आपण बघायचे.

तिसरे, पैशाची पेटी. तिला दोन कुलुपे, किल्ल्या दोन घरांत, पेटी तिसऱ्या घरात. त्यातल्या निदान दोन ठिकाणी बाई पाहिजे. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर पेटी उघडायची, पैसे मोजायचे, वही मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नाही त्याला कान आहेत. कोणी किती घेतले, किती दिले, हे सगळ्या पाड्याला तोंडपाठ झाले म्हणजे वही खोटी करता येत नाही. पैसे जास्त साचले की पोस्टात नाहीतर बँकेत खाते काढायचे, सह्या दोघांच्या.

चौथे, कार्यकर्त्याने पैसे हातात घ्यायचे नाहीत. मी नाही, तुम्ही नाही. आपण हिशोब शिकवायचा, तपासायचा. पेटी कार्यकर्त्याच्या झोळीत आली की तो नवा शेठ झाला.

पाचवे, कर्ज कशाला? खायला, आजारपणाला, बियाण्याला.   लग्नाचे काय, असे बाया विचारतात. लग्नाला साफ नाही म्हटले तर माणूस पुन्हा शेठकडे जाईल. द्यायचे, पण मर्यादा ठरवून. आणि त्याच बैठकीत लग्नाचा खर्च किती करायचा तेही पाड्याने ठरवायचे.

सहावे, आणि सगळ्यात पक्के. जमीन तारण नाही. भांडी नाही, बैल नाही, पण जमीन तर कधीच नाही. तोंडी नाही, कागदावर नाही. तारण एकच, पाड्यासमोर दिलेला शब्द आणि सोबत उभे राहिलेले दोन जामीन. पीक बुडाले तर मुदत वाढवायची, ती पूर्ण बैठकीने. पीक आले असून कोणी देत नसेल तर त्याच्या दारात सगळ्यांनी जाऊन बसायचे. घरातले हंडे उचलून आणायचे नाहीत. हंडे उचलले तर आपल्यात आणि सावकारात फरक काय राहिला?

आता पहिल्या शंकेकडे येतो. यात लढा मागे पडेल का?

भाद्रपदात मुकादम येतो. घरात काही नसते. तो उचल देतो. ती घेतली की दिवाळीनंतर बायको-पोरांसकट वीटभट्टीवर. तिथे मजुरी किती हे विचारायचा हक्क आपण भाद्रपदातच विकलेला असतो. मग कार्यकर्ता भट्टीवर जाऊन संपाचे भाषण करतो, आणि लोक खाली बघतात. ते भित्रे नाहीत, उचल फिटलेली नसते. गवत कापणीचा संप कधी मोडतो? शेठ दुकान बंद करतो, उधार बंद करतो, आठव्या दिवशी चूल विझते तेव्हा. ज्या पाड्याच्या कोठीत चारशे किलो धान्य आहे, तो पाडा आठव्या दिवशी मोडणार नाही. म्हणून मी म्हणतो, धान्याची कोठी ही संपाची शिदोरी आहे. पेटी आणि मोर्चा यांचे भांडण नाही, पेटी मोर्चाला पाठबळ देते.

पण धोका आहे, तोही सांगतो. १९९२ ला नाबार्डने पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. बँक आता गटाला बिनतारण कर्ज देते. चांगले आहे. इतकी वर्षे आपण मागत होतो की आमच्या शब्दावर कर्ज द्या. बैलजोडी पेटीच्या पैशात येणार नाही, तिथे बँक लागेल. पण पेटीत हजार आणि बँकेचे दहा हजार, असे झाले की गट बँकेचा वसुली कारकून होतो. बैठकीत वही वाचण्याऐवजी साहेबाची तारीख वाचली जाते, आणि साहेब रागवेल म्हणून मोर्चाला जाऊ नका असे सांगितले जाते. म्हणून आधी निदान दोन पावसाळे आपल्या पैशावर चालवा, नंतर बँकेच्या दारात जा. जाताना वही घेऊन जा, हात जोडून जाऊ नका.

आणि एवढेही ध्यानात ठेवा, पेटीने गरिबी जात नाही. जमीन नाही, पाणी नाही, जंगलावर हक्क नाही, मजुरी पुरी नाही, तर पेटीत टाकायला येणार काय? कर्ज हा मिळकतीला पर्याय नाही. जे सांगतील की बचत गट काढा, जमीन विसरा, त्यांना सांगा, जमिनीसाठीच पेटी काढली आहे.

आपल्याला हे जमेल का? इर्जिक आपण करतोच ना? एकाच्या शेतात सगळे बैल, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. घर शाकारायला सगळा पाडा येतो. कोणी आले नाही तर पाडा विसरत नाही. ही बिनलिखित पतपेढीच आहे. तिथे श्रम उसने देतो, इथे दाणा आणि पैसा.

शिबिरातून गेल्यावर एकच काम करा. आपल्या पाड्यावर बैठक घ्या आणि तीन गोष्टी वहीत लिहून आणा. किती घरांनी या पावसाळ्यात उसने घेतले. कोणाकडून, कोणत्या दराने. आणि त्या सगळ्याचे मिळून पीक आल्यावर किती भात पाड्याबाहेर जाणार. नावे नसली तरी चालतील, आकडे पाहिजेत. सावकाराच्या वहीत काय आहे ते आपल्याला कोणी दाखवणार नाही, म्हणून आपली वही आपणच लिहायची. भात खळ्यावर यायच्या आत पुढची बैठक आहे. तेव्हा हे आकडे मोठ्याने वाचू, आणि पहिली कोठी कोणत्या पाड्यावर बांधायची ते ठरवू.

जिंदाबाद.